घरात वजनकाटा आलाय, आता भाकरी मोजून वाढायची का?

पत्र थोडक्यात असं: सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या बाई, वय ४६, वजन ५८ किलो. घरात नवरा, ७२ वर्षांच्या माळकरी सासूबाई, पुण्यातल्या कंपनीचं काम घरी बसून करणारा २४ वर्षांचा मुलगा आणि अकरावीतली मुलगी. मुलाने सरकारी आहार-सूचनांमधलं ताटाचं चित्र छापून फ्रिजला चिकटवलंय. ओट्यावर डिजिटल काटा ठेवलाय. कुकरमधली आमटी पाचांत भागून तो मोबाइलच्या ॲपवर प्रत्येकाच्या नावे लिहितो. ॲप म्हणतं, आईचं प्रोटीन जेमतेम साठ टक्के. ताटाच्या चित्रात धान्य २५० ग्रॅम आहे आणि दुपारच्या दोन भाकऱ्याच काट्यावर २४० भरल्या, म्हणून रात्रीची एकेक भाकरी त्याने सगळ्यांचीच कमी करायला सांगितली आहे, आजीचीसुद्धा. प्रोटीन पावडरचे दोन डबे आलेत. सासूबाई म्हणतात, "आम्ही काय उपाशी वाढलो का?" नवऱ्याची साखर काठावर आहे, असं डॉक्टर म्हणाले. मुलगी सकाळी काही न खाता क्लासला जाते, पाळीत फार जातं, जिना चढताना दमते. बाई लिहितात, "मी सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं आवरते, माझं काही विशेष नाही. पण आम्ही भाकरी-आमटी-भाजीवरच जगलो. मी पंचवीस वर्षं माणसांना चुकीचं खाऊ घातलं का?"

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल. नाही, चुकीचं खाऊ घातलं नाहीत.

ज्यांची हयात या विषयात गेली, त्या शास्त्रज्ञांनाही आपले आकडे बदलावे लागतात. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था भारतीयांसाठी पोषणाचे तक्ते ठरवते. तिच्या २०१० च्या तक्त्यात मोठ्या माणसाला रोज ६०० मिलिग्रॅम कॅल्शियम पुरे होतं, २०२० मध्ये ते १,००० झालं. बाईच्या लोहाचा आकडा २१ मिलिग्रॅमवरून २९ वर गेला. 'प्रमाण पुरुष' म्हणून धरलेल्या माणसाचं वजनही ६० किलोचं ६५ झालं. मोजण्याची पद्धत सुधारली की हे आकडे हलतात, त्यात गैर काही नाही. पण मग २०२० चा तक्ता हातात धरून २००० सालच्या सुनेला दोषी ठरवायचं, हे मला पटत नाही. तुम्हीही स्वतःला ठरवू नका.

तुमचा मुलगा मात्र मला आवडला. या वयाची मुलं आजीच्या जेवणाची चौकशी करत नाहीत. त्याचं चुकलंय ते काट्याशी आणि ॲपशी. म्हणून आधी त्याच्या हिशेबाकडे बघू.

ताटाचं ते चित्र २०२४ च्या मे महिन्यात याच संस्थेने काढलेल्या १७ आहार-सूचनांमधलं आहे. दिवसाला २,००० उष्मांक (कॅलरी) घेणाऱ्या माणसासाठी त्यात धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं किंवा त्यांच्या जागी अंडी-मांस मिळून ८५, भाज्या ४०० (त्यातली पालेभाजी १००), फळं १००, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, दाणे-तीळ वगैरे ३५ आणि तेल-तूप २७ ग्रॅम दिलंय. ही सगळी वजनं कच्च्या मालाची आहेत. भाकरी तव्यावरून उतरते तेव्हा तिच्यात पीठ असतं त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त पाणीही असतं. तुमच्याकडची १२० ग्रॅमची भाकरी म्हणजे साधारण ७५ ग्रॅम पीठ. दोन भाकऱ्यांचं १५० झालं, २४० नाही. म्हणजे आजीची भाकरी केवळ पाण्याचं वजन धरल्यामुळे गेली! ती आजच परत वाढा.

दुसरं म्हणजे २,००० उष्मांकांचं एकच ताट पाच माणसांच्या घरात कुणाला लावायचं? बैठं काम करणाऱ्या ५५ किलोच्या बाईला संस्थेच्या तक्त्यात १,६६० उष्मांक दिलेत, बैठं काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषाला २,११० आणि मध्यम कष्टाचं काम असेल तर २,७१०. तुमचे यजमान शेतात जातात की दुकानात बसतात, हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण नुसत्या एवढ्याने त्यांच्या ताटात ६०० उष्मांकांचा फरक पडतो. फ्रिजवरचा कागद दिशा दाखवायला चांगला आहे, पाचांच्या नावाने तसाच लावायला नाही.

आता प्रोटीन. तुमचा साठ टक्के हा आकडा कुठून आला असेल, याचा मी अंदाज केला. व्यायामशाळेत जाणाऱ्यांसाठीची बरीच ॲप किलोमागे १.६ ग्रॅम प्रोटीन धरतात. तुमच्या ५८ किलोला ते ९३ ग्रॅम होतं. तुम्ही लिहिलेल्या रोजच्या जेवणाचा हिशेब मी ढोबळपणे केला. चार भाकऱ्यांची ज्वारी ३०० ग्रॅम, तिच्यातून ३० ग्रॅम प्रोटीन. सकाळचे पोहे आणि दोन वेळचा थोडा भात यांतून सहा-सात. आमटीतली तूरडाळ पंचवीसेक ग्रॅम, तिचे पाच. रात्रीच्या पिठल्याचे किंवा उसळीचे सहा. चहातलं आणि इकडचं तिकडचं दूध दीडशे मिलिलिटर, त्याचे पाच. भाजीतल्या दाण्याच्या कुटाचे चारपाच. एकूण ५५ च्या पुढेमागे. त्र्याण्णवात पंचावन्न म्हणजे बरोबर साठ टक्के.

भारतीयांच्या तक्त्यात मात्र हा आकडा किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे. तुमच्यासाठी ४८. म्हणजे हे जेवण पुरतं तुमच्या ताटात पडत असेल, तर तुम्ही कमी पडत नाही.

या ०.८३ बद्दलही थोडं सांगायला हवं, कारण गोंधळ तिथेच होतो. निरोगी माणसांची सरासरी गरज किलोमागे ०.६६ आहे. माणसागणिक गरज कमीजास्त असते, म्हणून शिफारस करताना संस्था त्यावर वाढीव धरते, इतकं की शंभरातल्या सत्त्याण्णव जणांची गरज त्यात भागावी. शंभर पानांच्या पंगतीचा शिधा काढताना आचारी हात सैल ठेवतो, कुणाला कमी पडू नये म्हणून. प्रत्येक पानावर तेवढं संपलंच पाहिजे, असा त्याचा आग्रह नसतो. शिफारशीच्या आकड्याचं तसंच आहे. शाळेच्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रोटीन धरतात, सहावी ते आठवीला ७०० आणि २०. वसतिगृहाची खानावळ, अंगणवाडी, तुरुंग, सैन्य, जिथे एकाच चुलीवर अनेकांचं शिजतं, तिथे हे आकडे नेमके कामाला येतात. एका घरातल्या एका माणसाने मंगळवारी ४१ ग्रॅम खाल्लं म्हणून तो नापास होत नाही. चार-आठ दिवसांची सरासरी बघायची असते.

आपल्या मराठी मुलखात या विषयावर एक मोठं भांडण होऊन गेलंय आणि ते तुमच्या घरापासून फार लांबचं नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले पां. वा. सुखात्मे जागतिक अन्न आणि कृषी संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख होते, पुढे पुण्यात येऊन राहिले. १९७१ मध्ये पुण्यातल्याच वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी माणशी २,२५० उष्मांकांची रेघ धरून देशातलं दारिद्र्य मोजलं. सुखात्म्यांचा आक्षेप असा की सरासरी गरजेच्या खाली जो जो दिसतो तो उपाशी, असं म्हणता येत नाही. एकाच माणसाची गरजही आठवड्यागणिक वरखाली होते आणि शरीर काही मर्यादेत ते सांभाळून घेतं. त्या काळी जगभर प्रोटीनच्या टंचाईचा गाजावाजा होता, त्यावरही त्यांचं म्हणणं होतं की पोटभर जेवण मिळालं तर आपल्या साध्या डाळ-धान्याच्या जेवणात प्रोटीन बहुधा पुरेसं असतं, खरी उणीव पोटभर मिळण्याची आहे. आजच्या पावडरच्या जाहिराती बघितल्या की मला त्या वादाची आठवण येते.

पण सुखात्म्यांचा मुद्दा ताणला तर कुठे जातो, तेही बघा. "शरीर जुळवून घेतं" हे वाक्य सोयीचं आहे. कमी खाऊन लहान चणीची राहिलेली माणसंही निरोगीच, असं म्हणणारे अभ्यासक पुढे निघाले आणि पोषण संस्थेचे एकेकाळचे संचालक डॉ. सी. गोपालन यांनी त्यांना कडाडून विरोध केला. जुळवून घेण्याची किंमत शरीर कुठेतरी मोजतं, वाढीत, कामाच्या ताकदीत, बाळाच्या वजनात. सासूबाई म्हणतात "आम्ही काय उपाशी वाढलो का?" त्यांना उत्तर देऊ नका, पण मनात एवढं ठेवा की त्यांच्या पिढीतल्या किती बायका उपाशी वाढल्या, हे कुणी मोजलंच नव्हतं.

आणि आता कोण मोजतंय? तुमचा मुलगा कुकरमधली आमटी पाचांत भागून तुमच्या नावावर लिहितो. तुम्ही पत्रात म्हणता, "सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं आवरते." ताई, मग ते ५५ ग्रॅम तुमचे कसे? आमटीचा तळ, कालची भाकरी, भाजी संपली तर ठेचा किंवा चटणी. ॲपवर तुमचं पान भरलेलं दिसतं आणि प्रत्यक्षात तुम्ही काय जेवता हे त्या घरात कुणालाच ठाऊक नाही, बहुतेक तुम्हालाही नाही. "माझं काही विशेष नाही" या तुमच्या वाक्यापाशी मी पत्र वाचताना थांबले. मला ते सगळ्या पत्रात सर्वांत विशेष वाटलं.

म्हणून काट्याचं काम थोडं बदलून घ्या. मुलाला सांगा, की आठवडाभर फक्त आईचं ताट लिही. भागाकार करून नाही, समोर बसून. ती केव्हा जेवली, किती गरम जेवली, आमटी वाटीत आली की भांड्याला लागलेली पुसून घेतली. हे लिहिताना त्यालाच समजेल ते मी इथे वेगळं सांगत नाही. जमेल तिथे पाचही जणांनी एका वेळी बसायचं. ते जमत नसेल तर तुमची वाटी आधी वाढून झाकून ठेवायची. शेवटी बसलात तरी चालेल, वाटी आधी निघाली पाहिजे. माझ्या अनुभवात घराघरांत हा एक बदल दहा तक्त्यांपेक्षा जास्त उपयोगी पडलाय.

तर मुलगा सगळाच चुकला का? नाही, आणि हेही तुम्ही ऐकून घ्या. धान्याच्या बाबतीत त्याचा रोख बरोबर आहे. वरच्या हिशेबात ज्वारी, पोहे, भात मिळून धान्य ४०० ग्रॅमच्या आसपास जातं. २०२४ च्या सूचना म्हणतात की उष्मांकांतला धान्याचा वाटा ४५ टक्क्यांच्या वर नसावा. तुमच्याकडे तो साठाच्या पुढे असणार. बऱ्याच घरांत तो असाच जास्त असतो. भाकरीचा घास मोठा, कालवण बोटभर. प्रोटीनचं वजन भरतं, पण ते बरंचसं एकट्या ज्वारीतून येतं आणि ज्वारीच्या प्रोटीनमध्ये लायसिन हा घटक कमी असतो, तो डाळी-कडधान्यांत भरपूर असतो. दोन्ही एकत्र आले की काम होतं. दुधाची जोड मिळाली की अजून चांगलं. सासूबाई दुधात भाकरी कुस्करून खातात ना? उत्तम खातात. त्यांना काही शिकवायला जाऊ नका.

बदल करायचा तो भाकरी काढून घेऊन नाही, कालवण वाढवून. वाटीभर आमटीत चमचाभर डाळ फिरत असते तिथे डाळ दुप्पट घाला, पाणी तेवढंच ठेवा. रोज एका वेळेला घट्ट उसळ, मटकी, चवळी, हरभरा, मूग, वाटाणा. तुमच्या भागात हुलगा मिळतो, त्याचं माडगं सासूबाईंना येत असेल, त्यांनाच करायला सांगा. आठवड्यातून दोनदा तरी. कालवणाने पोट भरायला लागलं की चौथी भाकरी आपोआप मागे राहते. यजमानांच्या काठावरच्या साखरेलाही हेच औषध पहिलं आहे, जोडीला जेवणानंतर चालणं आणि चहातली साखर निम्मी. त्यांच्यासाठी वेगळं काही शिजवायचं नाही.

मुलाला मोजायची हौसच असेल, तर ताटापेक्षा किराणा मोजायला द्या. पाच माणसं, तीस दिवस, म्हणजे दीडशे माणूस-दिवस. फ्रिजवरच्या कागदातल्या आकड्यांना दीडशेने गुणलं की महिन्याची यादी निघते: धान्य साडेसदतीस किलो, डाळी-कडधान्यं पावणेतेरा, दाणे-तीळ-जवस-खोबरं सव्वापाच, तेल आणि तूप मिळून चार किलो. मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅम धरलं तर पाऊण किलो, त्यात पापड-लोणच्यातलंही आलं. साखर २५ ग्रॅमची मर्यादा धरली तर गूळ, बिस्किटं, थंड पेयं सगळं मिळून पावणेचार किलोच्या आत. आता गेल्या महिन्याचं दुकानाचं बिल शेजारी ठेवा. माझी खात्री आहे की डाळी चार-पाच किलोंवर थांबल्या असतील आणि तेलाचा डबा आठाच्या पुढे गेला असेल. घराचं खरं चित्र त्या बिलात असतं, कारण बिलाला कुणी भागाकाराने फसवू शकत नाही.

पावणेतेरा किलो डाळी एका महिन्यात आणा, असं मी म्हणत नाही. खिशाला झेपायला हवं. आधी आठ किलो करा. त्यात तूर कमी आणि मटकी-हरभरा-हुलगा जास्त ठेवलात तर भारही कमी पडेल. तेल दोन किलोंनी उतरलं तर त्यातले बरेच पैसे निघतात. मुलगा अंगणातल्या गॅसवर अंडी उकडून खातो, असं तुम्ही लिहिलंय. सासूबाईंची माळ सांभाळून तो हे करतो, चांगली गोष्ट आहे. मुलीलाही खायची असतील तर तिथेच तिचीही उकडू दे. त्यांची दोघांची तेवढी डाळ कमी धरा.

भाज्यांचं मात्र मला वेगळं बोलायचंय. माणशी ४०० ग्रॅम म्हणजे तुमच्या घरात रोज दोन किलो भाजी. ती आणायची, निवडायची, धुवायची, चिरायची. दोन जुड्या शेपू किंवा चाकवत निवडायला बसलेल्या बाईला विचारा ४०० ग्रॅम म्हणजे काय असतं. १७ सूचनांपैकी एकीतही हे लिहिलेलं नाही की हे काम कोण करणार. ज्याने कागद चिकटवला त्याने संध्याकाळी अर्धा तास विळीपाशी बसावं, सुरी चालत असेल तर सुरीपाशी. लॅपटॉप बंद झाल्यावर. हे मी गमतीने म्हणत नाहीये. आहार सुधारा म्हणजे बाईचं काम दोन तासांनी वाढवा, असा अर्थ होणार असेल तर तो आहार महिनाभरही टिकत नाही. जमतं तेवढं कच्चंच खा: काकडी, गाजर, मुळा पाल्यासकट, टोमॅटो, कांदापात. पालेभाजी रोज नाही जमली तर एक दिवसाआड. शेवग्याचा पाला दारात असेल तर डाळीत मूठभर टाका, त्याला निवडायचे कष्ट कमी आणि कॅल्शियम भरपूर.

प्रोटीन पावडरबद्दल २०२४ च्या सूचनांनी स्पष्टच म्हटलंय की शरीर कमावण्यासाठी असली पूरकं घेण्याचं टाळा. बऱ्याच पावडरींत साखर किंवा कृत्रिम गोडी असते आणि फार काळ जास्त घेतली तर मूत्रपिंड-हाडांना त्रास होण्याचा धोका सांगितलाय. तुमचा मुलगा तरुण आहे, व्यायाम करत असेल, उघडलेला डबा तो संपवू दे. पण साखर काठावर असलेल्या वडिलांना आणि आजीला डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती देऊ नये. सासूबाईंना प्रोटीनची गरज कमी नाही, वय वाढलं म्हणून ती घटत नसते. त्यांच्या दाताला सोसेल असं द्या. मऊ मुगाची खिचडी, ताक, दूध-भाकरी, वाटलेल्या डाळीचं धिरडं, नाचणीची आंबील. नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, या वयात त्याचा उपयोग आहे. त्यांचं वजन गेल्या सहा महिन्यांत उतरलंय का, तेवढं बघा. म्हातारपणी न सांगता उतरणारं वजन हे काटा आणण्याचं चांगलं कारण आहे.

आता मुलगी. तुमच्या पत्रात तिच्याबद्दल दोनच ओळी होत्या आणि मला काळजी तिचीच जास्त वाटते. घरात सगळी चर्चा प्रोटीनची चालली आहे. या मुलीला कमी पडतंय ते बहुधा लोह आहे. १६ ते १८ वर्षांच्या मुलीला रोज ३२ मिलिग्रॅम लोह हवं असं तक्ता सांगतो. मोठ्या पुरुषाला १९ पुरतं. म्हणजे घरात सर्वांत जास्त लोह जिला लागतं ती सकाळी उपाशी बाहेर पडते. तीनशे ग्रॅम ज्वारीतून मिळतं जेमतेम बारा मिलिग्रॅम, आणि धान्य-भाजीतलं लोह अंगी लागतं त्यातला लहानसा भाग. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला होता. पाळीत फार जाणारी, जिन्यावर दमणारी मुलगी त्यात असण्याची शक्यता बरीच आहे. तिला आळशी म्हणू नका, आणि "नुसतं मोबाइलवर जागते" म्हणून विषय संपवू नका.

खाण्यात तिच्यासाठी एवढं करा. सकाळी डब्यात बाजरीच्या पिठाचं थालीपीठ किंवा तीळ-दाण्याचा लाडू, चालता चालता खाता येईल असं. उसळ-पालेभाजीवर लिंबू पिळायचं, हंगामात पेरू द्यायचा, क जीवनसत्त्वाने लोह अंगी लागायला मदत होते. कडधान्यं मोड आणून वापरा. आणि चहा जेवणाच्या तासभर आधी आणि नंतर नको. ही सूचनाही २०२४ च्या पुस्तिकेत आहे, कारण चहातली टॅनिन लोह अडवतात. जेवण झाल्याझाल्या कपभर चहा लागणाऱ्या घरांत ही एक गोष्ट पाळणं सर्वांत अवघड जातं, माझ्याही घरात जातं.

पण रक्तक्षय असेलच, तर तो लाडू आणि पेरवाने भरून निघत नाही. लोखंडी कढईनेही नाही. तपासणी करायची आणि गोळी घ्यायची. १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींना सरकारी कार्यक्रमात आठवड्याला लोह आणि फॉलिक ॲसिडची निळी गोळी मिळते. मुलीला कॉलेजात मिळते का आणि मिळाली तर ती गिळते की दप्तरात ठेवते, ते विचारा. मळमळतं म्हणून मुली टाळतात, जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो.

या आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा तुमच्या डॉक्टरांकडे जा, मुलीला घेऊन, आणि सासूबाईंनाही न्या. तिघींचं हिमोग्लोबिन बघा. तुम्ही आणि सासूबाई मांस-अंडी खात नाही, दूधही बेताचंच असतं, म्हणून दोघींचं बी-१२ जीवनसत्त्वही बघून घ्या. हातापायाला मुंग्या येत असतील तर तेही सांगा. मुलीचं किंवा तुमचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली आलं, तर गोळीचा डोस आणि किती महिने घ्यायची ते डॉक्टर ठरवतील, मनाने सुरू करू नका आणि बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका. मुलीच्या पाळीचं डॉक्टरांना नीट सांगा, दिवसाला किती पॅड लागतात, किती दिवस जातं, गाठी पडतात का. ती लाजेल, तुम्ही सांगा. तुम्ही ४६ च्या आहात, तुमची पाळी अनियमित झाली असेल किंवा जास्त जात असेल तर तुमचंही त्याच वेळी सांगून टाका. "माझं काही विशेष नाही" एवढं मात्र तिथे म्हणू नका.